मास्तरांच्या बायकोचा मेकअप

माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या वहिनी, टीव्हीच्या स्टुडिओत लोकांचे चेहरे रंगवायच्या आणि घरी आल्या की टीव्हीकडे पाठ करून बसायच्या. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, मिठाईवाला मिठाई खात नाही तसलाच हा प्रकार असेल. पुढे कळलं, त्यांना टीव्हीचा कंटाळा नव्हता, धास्ती होती.

"लोक जे बघतात तसे होतात," त्या शेंगा सोलता सोलता म्हणायच्या, "आणि जसे होतात तसाच पुढारी निवडतात."

आम्ही हसायचो. पण त्या गमतीत बोलत नसत. त्यांच्याच वाहिनीवर विनोदाचा एक कार्यक्रम होता, सगळ्यात जास्त बघितला जाणारा. त्यात एक नवरा बायकोला ढुंगणावर लाथ मारायचा आणि मागून हशा उसळायचा. वहिनींनी त्या कार्यक्रमाचा मेकअप करायला साफ नकार दिला होता. निर्मात्याला तोंडावर म्हणाल्या, "हशा तुम्ही मागाहून चिकटवता. पण घरात बसलेलं पोर खरंच हसायला शिकतं. तेच पोर उद्या मत देणार आहे." निर्मात्याने हात जोडले आणि त्यांना बातम्यांकडे पाठवलं. हात चांगला होता, म्हणून खपून गेलं.

त्यांची खोली मी पाहिली आहे. स्टुडिओच्या मागच्या अंगाला, लांब आणि अरुंद. आरशाभोवती दिवे, त्यातले दोनचार कायम गेलेले. पावडरचा आणि केसांवर मारायच्या स्प्रेचा वास भिंतींत मुरलेला. वहिनी स्पंज स्वतः धुवायच्या, ब्रश उन्हात वाळवायच्या, आणि खुर्चीत कुणीही बसो, मंत्री किंवा कुस्तीगीर, आधी म्हणायच्या, "मान सैल सोडा." तिथे सगळे त्यांना मावशी म्हणत.

त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, आमचे भावोजी. त्यांचं नळ, पाइप, खिळेमोळ्यांचं दुकान. बोलणं मोजकं. पण मास्तरांचा विषय निघाला की त्यांची जीभ मोकळी सुटायची.

हे मास्तर म्हणजे विरोधी पक्षाचे पुढारी. पूर्वी खरोखर शाळेत शिकवायचे, म्हणून ते नाव चिकटलं. साधा शर्ट, साधी चप्पल, आणि प्रत्येक भाषणाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "ज्याला घर सांभाळता येत नाही, त्याने राज्य सांभाळायला निघू नये." वहिनींना हे वाक्य इतकं पटलेलं की त्या ते स्वतःचंच असल्यासारखं बोलायच्या. सत्तेवर जे मंत्री होते त्यांचं सगळं उलटं होतं. पहिली बायको टाकलेली, नट्यांच्या पार्ट्यांत फोटो, गाण्यांवर नाच. वहिनींनी त्यांचं नाव ठेवलं होतं रंगराव. ते नाव आमच्या घरातून गल्लीत गेलं आणि गल्लीतून कुठवर गेलं कोण जाणे.

घरात वहिनींना तोंडावर बोलणारी एकच होती, त्यांची मुलगी. माझी पुतणी. आणि दैवाचा खेळ असा की ती त्याच विनोदी कार्यक्रमात लेखिका म्हणून लागली. आईने जिथे पाऊल टाकायचं नाही म्हटलं, तिथेच लेक रोज चार पानं विनोद लिहायची.

"आई, लोक दिवसभर राबून येतात, घटकाभर हसतात. काय बिघडतं?"

"कुणाला हसतात ते बघ."

"सगळ्यांना. मास्तरांना आणि तुझ्या रंगरावांनाही. आम्ही कुणाला सोडत नाही."

"तेच तर. सगळे सारखेच, सगळे सारखेच, असं रोज कानावर पडलं की जो खरा लबाड असतो त्याचं फावतं."

पुतणी माझ्याकडे बघून डोळे फिरवायची. मी दोघींच्या मध्ये पडत नसे. मायलेकींच्या भांडणात पडणाऱ्याला दोन्हीकडून टोले मिळतात.

निवडणूक तोंडावर आली, आणि एके दिवशी पुतणी उड्या मारतच घरी आली. मास्तर तिच्या कार्यक्रमात पाहुणे म्हणून येणार होते. एकटे नाही, बायकोसकट. नवरा-बायकोचा एक खेळ होता, तो खेळणार होते.

वहिनींच्या हातातली बशी तशीच राहिली. "कोण मास्तर? आपले?"

"आपलेच," भावोजी म्हणाले. त्यांना आधीच माहीत होतं. "काळाप्रमाणे चालावं लागतं. लोक जिथे असतात तिथे जायला नको?"

"परवापर्यंत सांगत होते, असले कार्यक्रम घरात लावू नका."

"तू फार विचार करतेस."

"लोक खड्ड्यात पडले तर वरून दोर सोडायचा असतो," वहिनी म्हणाल्या, "आपण उडी मारायची नसते."

पण मेकअपला त्याच जाणार होत्या. मास्तरांच्या कचेरीतून निरोप आला होता की कुणीतरी जबाबदार, वयाने मोठी बाई हवी. त्या कार्यक्रमाचं काम न करण्याचा नियम वहिनींनी त्या दिवसापुरता मोडला. मला म्हणाल्या, "निदान चेहऱ्याचा तमाशा होऊ देणार नाही."

त्या दिवशी काय झालं ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी गच्चीवर सांगितलं, कपडे वाळत घालताना. आदल्या संध्याकाळी घरी आल्यापासून त्या पुन्हा पुन्हा हात धूत होत्या, म्हणून मीच खोदून विचारलं.

मास्तर आधी येऊन बसले. अगदी अदबीने. "मावशी, जास्त थापू नका हं," म्हणाले. भावोजींची ओळख काढली, दुकानाची चौकशी केली. वहिनींना भरून आलं. इतकी वर्षं ज्यांच्यावर विश्वास ठेवला तो माणूस जवळून तसाच निघाला, याचं समाधान वाटलं. ते उठून गेले आणि त्यांची बायको आत आली. गळाबंद कपडे, त्यावर मोठा रुमाल गुंडाळलेला. कार्यक्रमवाल्यांनी दिलेले कपडे मात्र मोठ्या गळ्याचे होते. ते घालायचे म्हणून तिने रुमाल काढला.

"मानेवर, कानाच्या खाली," वहिनी म्हणाल्या. त्यांनी ओल्या हाताने स्वतःच्या मानेवर जागा दाखवली. "बोटं मोजता येत होती गं."

बातम्यांकडे जायच्या आधी नटांच्या अंगावर खोटे मार रंगवण्यात वहिनींची वर्षं गेली होती. खरा मार ओळखायला त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"काय म्हणाली ती?"

"दार लागलं म्हणाली. आरशात बघून. माझ्याकडे नाही बघितलं."

"आणि तुम्ही?"

"दाराला बोटं नसतात, असं ओठांवर आलेलं. पण बाहेरून माणूस हाका मारत होता, पाच मिनिटं, पाच मिनिटं. निळं मारायला मी केशरी रंग कालवला आणि झाकून टाकलं. इतकं सफाईने झाकलं की मलाच कळेना कुठे होतं."

मग त्यांनी पडद्यावर तो खेळ पाहिला. सूत्रधाराने मास्तरांना विचारलं, घरात कुणाचं चालतं? मास्तर कान पकडून म्हणाले, "बाहेर मी मास्तर, घरात मी विद्यार्थी." प्रेक्षक लोळायचे बाकी राहिले. त्यांना बायकोपुढे उठाबशा काढायला लावल्या. बायको हसत होती. तिचं हसू बघून वहिनींनी पडद्याकडे पाठ केली, कारण आत खुर्चीत बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर असलं काही नव्हतं.

तो उठाबशांचा तुकडा घराघरांत पोचला. भाजीवाल्यापासून बँकेतल्या बाईपर्यंत प्रत्येकाच्या फोनवर तोच. किती साधा माणूस, किती प्रेमळ नवरा. भावोजी गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून दाखवत. वहिनी स्वयंपाकघरात उभ्या राहून ते ऐकायच्या.

"मला एक सांग," त्या मला म्हणाल्या, "हेच मी रंगरावाच्या बायकोच्या मानेवर पाहिलं असतं तर काय केलं असतं?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"गल्लीभर केलं असतं. नाक्यावर उभी राहून सांगितलं असतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आयुष्यभर लोकांना हेच ऐकवत आले मी, आणि वेळ आली तेव्हा बाब्याला पावडर लावून बाहेर पाठवला."

भावोजींना सांगायला त्यांना आठवडा लागला. जेवणं झाल्यावर, मी आणि माझे यजमानही बसलेलो असताना, त्यांनी एका दमात सांगून टाकलं. भावोजी ताटात बोटाने रेघा ओढायला लागले.

"तू डोळ्यांनी मारताना पाहिलंस?"

"नाही."

"मग? दार लागलं असेल. किंवा नसेलही लागलं. पण निवडणूक महिनाभरावर आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"मूठ कुणी झाकली नाही," वहिनी म्हणाल्या. "मान झाकली. मी झाकली."

भावोजी उठून गेले. त्यांनाही आतून काहीतरी लागलं होतं हे दिसत होतं. पण पाठोपाठ येणाऱ्या पालिकेच्या निवडणुकीत त्यांना वॉर्डाचं तिकीट मिळायची बोलणी चालू होती, आणि ती त्यांची वीस वर्षांची इच्छा होती. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त ते खरं असायला नको होतं.

त्यानंतर मास्तरांच्या कचेरीतून फोन आला. त्यांच्या घरी प्रचाराची एक छोटी फिल्म करायची होती, कुटुंबाबरोबरची. मागच्या वेळी ज्या मावशी होत्या त्यांनाच पाठवा, काम फार सुंदर होतं, असा निरोप. भावोजींनी हो म्हणून टाकलं. वहिनी नाही म्हणतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "जाते. त्या बाईला बघायचंय मला." आणि माझ्याकडे वळून, "तू चल. पेटी धरायला."

पेटी धरायला त्यांना कधी कुणी लागलं नव्हतं.

मास्तरांचं घर साधंच होतं, ते खोटं नव्हतं. बाहेरच्या खोलीत दिग्दर्शक आणि त्याची माणसं दिवे लावत होती, पुस्तकांचं कपाट सरकवून मास्तरांच्या खुर्चीमागे आणलं होतं. मास्तर फोनवर होते. आम्हाला बघून त्यांनी मान लववली आणि आतल्या खोलीकडे बोट केलं.

ती पलंगाच्या कडेला बसली होती. या वेळी रुमालाचा उपयोग नव्हता. डोळ्याखाली, गालाच्या हाडावर, कडेने पिवळं आणि मध्ये निळं. मी पेटी खाली ठेवली ती जरा जोरात आपटली.

"मावशी," ती म्हणाली, "मागच्यासारखंच करा."

वहिनींनी पेटी उघडली. रंगाची डबी काढली, हातात धरली, आणि परत ठेवली.

"ताई, तुम्ही म्हणाल तर आत्ता बाहेर जाऊन चार माणसांना हाक मारते. तुम्ही म्हणाल गप्प बसा, तर जन्मभर कुणाला सांगणार नाही. तुम्ही म्हणाल तसं. पण हे मी झाकणार नाही."

"तुम्ही गेलात तर ते दुसरीला बोलावतील."

"बोलावतील."

"मग उपयोग काय?"

"मला माहीत नाही उपयोग," वहिनी म्हणाल्या. "माझा हात नाही चालणार, एवढंच."

बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवत होतं. तिने उठून खिडकीच्या काचेत स्वतःचा गाल बघितला आणि परत येऊन बसली. मग ती म्हणाली, "केस नीट करा. बाकीचं करा. एवढं सोडून."

वहिनींनी तिचे केस विंचरले, दुसऱ्या गालाला हलकी पावडर लावली, ओठ रंगवले. इतक्या मायेने मी त्यांना कुणाचा मेकअप करताना पाहिलं नव्हतं. ती उठली आणि तशीच बाहेर गेली. आम्ही दारात उभ्या राहिलो.

दिग्दर्शक तरुण होता. तो आधी मास्तरांकडे बघून हसला, मग तिच्याकडे बघितलं आणि त्याचं हसू अर्धवट राहिलं. "मॅडम, इथे जरा... मावशींचं राहिलंय वाटतं."

"असू दे," ती म्हणाली.

"लाइटमध्ये दिसेल."

"दिसू दे."

मास्तरच आधी बोलले, आणि बोलले ते हसत. "अहो, काल न्हाणीघरात पाय घसरला हिचा. सांगितलं होतं आज राहू दे, ऐकत नाही." सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नुसती उभी राहिली, दिव्याच्या उजेडात. तेवढं पुरलं. दिवे धरणारा माणूस खाली बघायला लागला.

"नंतर बघू," मास्तर म्हणाले. "तिला बरं नाही."

आम्ही निघालो तेव्हा ते जिन्यापर्यंत सोडायला आले. वहिनींच्या जवळ येऊन, अगदी घरच्यासारखं, हळू आवाजात म्हणाले, "मावशी, आमच्या भाऊंचं दुकान कसं चाललंय?"

"चांगलं चाललंय."

"चांगलंच चालू दे," मास्तर म्हणाले आणि नमस्कार केला.

ते वाक्य आमच्या घरात येऊन राहिलं. एवढंसं वाक्य, पण वहिनींची झोप उडाली. खाली गाडी थांबली की त्या गॅलरीत जाऊन बघायच्या. फोन वाजला की आधी माझ्याकडे बघायच्या, मग उचलायच्या. लेकीला रोज म्हणायच्या, उजेड आहे तोवर घरी ये. मी म्हणायचे, काही होत नाही. पण माझंही लक्ष दाराकडे असायचं.

त्याच आठवड्यात मास्तरांची बायको भावाच्या घरी निघून गेली. आई आजारी आहे असं बाहेर सांगितलं गेलं. ती फिल्म झालीच नाही. पण त्या खोलीत जी माणसं होती त्यांनाही घरं होती, बायका होत्या. कुजबुज सुरू झाली. आणि ती सुरू झाल्याबरोबर भावोजींचं तिकीट गेलं. कुणी काही बोललं नाही, फक्त यादीत दुसरंच नाव आलं. संध्याकाळी दुकानात येऊन बसणारी मंडळी यायची थांबली. भावोजी रिकाम्या बाकाकडे बघत दुकान बंद करायची वेळ होईपर्यंत बसायचे. घरी आले की जेवायचे आणि झोपायचे. वहिनींशी बोलणं असं नाहीच. "मीठ दे," एवढंच.

स्टुडिओतून निरोप आला की नवीन मुलगी ठेवली आहे, लागलं तर कळवू. कळवणार नाहीत हे कळण्याइतक्या वहिनी शहाण्या होत्या. त्या दिवशी त्यांनी सगळे ब्रश धुतले आणि कपाटात ठेवून दिले.

मग रंगरावाची माणसं आली. म्हणजे एक बाई आली, गोड बोलणारी, त्यांच्या पक्षाची पदाधिकारी. भावोजी दुकानात होते. तिने वहिनींचे हात हातात घेतले आणि म्हणाली, तुमच्यासारख्या धीराच्या बायका हव्यात, फक्त कॅमेऱ्यापुढे चार वाक्यं बोला, पुढचं आम्ही बघतो. तुम्हाला कुणाची भीती राहणार नाही.

मला वाटलं, ही वाट सोपी आहे. एवढी भीती डोक्यावर घेऊन जगण्यापेक्षा कुणाचा तरी आधार बरा.

वहिनींनी हात सोडवून घेतला. "तुमच्या साहेबांची पहिली बायको हल्ली कुठे असते?"

बाई गडबडली. "त्याचा इथे काय संबंध?"

"आहे ना. आधी तिची विचारपूस करून या. मग मला धीराची म्हणा." आणि ती जिना उतरत असताना वरून म्हणाल्या, "आणि हे बघा, ती बोलेल तेव्हा मी बोलेन. तिच्या आधी नाही. दुःख तिचं आहे. ते बाजारात मांडायचं की नाही हे तिने ठरवायचं."

दार लावून त्या तिथेच पायपुसण्यावर बसल्या. "आता दोन्हीकडून गेले मी," म्हणाल्या. "इकडे आड, तिकडे विहीर."

तिसरं संकट घरातूनच आलं. पुतणीच्या कार्यक्रमाला ही कुजबुज म्हणजे पर्वणीच होती. मास्तर, त्यांच्या हातात छडी, आणि पावडरचे थर लावलेली बायको, असा प्रसंग लिहायला तिला सांगितलं गेलं. लिहील तर तीच, कारण आतली गोष्ट तिच्या घरातली. ती आईपुढे येऊन उभी राहिली. मला वाटलं, आज आभाळ कोसळणार.

"लिहू?" तिने विचारलं. तिलाही भांडण हवं होतं असं मला वाटलं. भांडण झालं की माणूस मोकळा होतो.

वहिनी चिडल्या नाहीत. "लिही. पण लोकांना दाखवायच्या आधी तिच्या भावाच्या घरी जा, तिच्या समोर उभी राहा आणि वाचून दाखव. ती हसली तर खुशाल कर."

पुतणी आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने नाही म्हणून सांगितलं. तिला त्या कार्यक्रमावरून काढून प्रश्नमंजूषेला टाकलं, जिथे राजधान्या आणि नद्या विचारतात. प्रसंग मात्र दुसऱ्या कुणीतरी लिहिला आणि दाखवला गेला. लोक हसले. आमच्या घरात त्या वेळी टीव्ही बंद होता, पण शेजारच्या भिंतीतून हशा ऐकू येत होता. पुतणी आईच्या शेजारी बसून होती. "आई," ती म्हणाली, "आता सगळ्यांना माहीत आहे. आणि कुणालाच काही वाटत नाहीये."

"त्याचीच तर मला भीती होती," वहिनी म्हणाल्या.

मतदानाच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. वहिनी पडद्याआड गेल्या त्या इतका वेळ बाहेर येईनात की टेबलावरचा माणूस खाकरला. परत येताना म्हणाल्या, "एकाला देता येईना, दुसऱ्याला देववेना." शेवटी काय केलं ते मी विचारलं नाही. भावोजींनी कुणाला मत दिलं तेही कळलं नाही.

मास्तर निवडून आले. चांगल्या मतांनी आले. मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली तेव्हा भावोजींनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून घेतलं होतं. उन्हासाठी, असं म्हणाले.

पुढे काही महिने सगळं शांत होतं, आणि ती शांतता वहिनींना जास्त जाचायची. मग एक दिवस बातमी आली. मास्तरांच्या बायकोने पोलिसांत तक्रार दिली होती. पक्षाने संध्याकाळपर्यंत उत्तरही दिलं, ही त्यांची कौटुंबिक बाब आहे, तिचा राज्यकारभाराशी संबंध नाही. भावोजी जेवत होते. घास हातातच राहिला.

"घर सांभाळता येत नाही त्याने..." ते म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. त्यांनी ताट बाजूला सारलं, आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा वहिनींकडे नीट बघितलं.

वहिनींना साक्षीदार म्हणून बोलावणं आलं. त्या रात्रीपासून त्यांचं जेवण तुटलं. मास्तर आता सत्तेत होते. दुकानाचा परवाना होता, लेकीची नोकरी होती, माझ्या यजमानांची सरकारी नोकरी होती. त्या एकेकाचं नाव घेऊन मला विचारायच्या, "याचं काही झालं तर?" खरं सांगायचं तर माझ्या मनातही आलं होतं की म्हणावं, आजारी आहे म्हणून कळवा. मी म्हटलं नाही, एवढंच.

तारखेच्या सकाळी आम्ही दोघी निघालो. खाली भावोजी दुकानासमोर उभे होते. आदल्या दिवशी इस्त्री केलेला शर्ट अंगात. त्यांनी शटर ओढलं, कुलूप लावलं आणि आमच्या पुढे चालू लागले.

न्यायालयाच्या त्या खोलीत पंखा आवाज करत होता. मास्तरांचा वकील हुशार होता. त्याने वहिनींना विचारलं, तुम्ही वर्षानुवर्षं आमच्या अशिलांच्या पक्षाच्या समर्थक ना? यजमानांचं तिकीट गेलं म्हणून राग आला ना?

"राग आला," वहिनी म्हणाल्या. "तिकिटाचा नाही."

"मग पहिल्या वेळी तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? तुम्ही तर स्वतःच्या हाताने झाकलं."

"हो," त्या म्हणाल्या. "आमचा माणूस होता म्हणून झाकलं. दुसऱ्यांचा असता तर झाकलं नसतं. ते चुकलं माझं. पण म्हणून त्या बाईच्या मानेवर काही नव्हतं, असं होत नाही."

वकिलाने पुढचा प्रश्न कागदात शोधला. न्यायाधीशबाईंनी वर न बघता काहीतरी लिहिलं.

बाहेर आलो तर मास्तरांची बायको बाकावर भावाशेजारी बसली होती. चेहऱ्यावर काही लावलेलं नव्हतं. वहिनी तिच्याजवळ जाऊन बसल्या. भावोजी चहा घेऊन आले, पहिला पेला त्यांनी तिला दिला, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "आम्ही तुमच्या घराकडे बघून मत देत होतो," ते म्हणाले. तिने पेला दोन्ही हातांनी धरला आणि मान हलवली.

खटला अजून चालू आहे. तारखा पडतात, पुढे जातात. मास्तर अजून पदावर आहेत, भाषणाचं पहिलं वाक्य तेवढं बदललं आहे. दुकानाचं अजून कुणी काही केलेलं नाही, पण परवान्याच्या नूतनीकरणाचा महिना जवळ येतो तशा वहिनी कमी जेवायला लागल्या आहेत. परवा मी विचारलं, पुन्हा बोलावलं तर जाल का?

"जाईन," त्या म्हणाल्या. "घाबरत घाबरत जाईन."